हुकूम निघाला, बजावणी थांबली: मूलपेशी आणि आरएनएला धरणारी प्रथिने

पुण्यातील प्रसूतिगृहांच्या प्रतीक्षाकक्षात बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवण्याविषयीची माहितीपत्रके हाती पडतात आणि त्यांवर ‘स्टेम सेल’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. आरएनए हा शब्द मात्र घरोघरी पोहोचला तो करोनाच्या साथीत. भारतात तयार झालेली पहिली एमआरएनए लस, जेमकोव्हॅक-१९, पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा या शब्दाला थोडा स्थानिक अभिमानही चिकटला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, आहे तशी टिकून राहणार की तिच्यातून रक्ताची, स्नायूची किंवा मेंदूची पेशी घडणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी आरएनएच्या पातळीवर होतो आणि त्यात आरएनएला चिकटून बसणाऱ्या काही प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

या विषयावर जे वाचनात येते, त्याचा भर बहुधा जनुकांवर असतो. कोणते जनुक चालू आहे आणि कोणते बंद, एवढे कळले की पेशी कळली, असा त्याचा सूर असतो. तो सूर अपुरा आहे. मूलपेशीच्या बाबतीत तर चालू झालेल्या जनुकाचा संदेश कोणी आणि किती काळ अडवून धरला आहे, हे कळल्याखेरीज तिच्या वागण्याचा उलगडा होत नाही.

मूलपेशीपुढचा पेच

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचा व्यवसाय ठरलेला असतो. तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहते, सुमारे १२० दिवस जगते आणि संपते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकत नाही, कारण परिपक्व होतानाच तिने डीएनए असलेले आपले केंद्रक बाहेर टाकलेले असते. तिची जागा घेणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतील मूलपेशींच्या वंशातून येतात. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे २०० अब्ज नव्या तांबड्या पेशी तयार होतात, हे लक्षात घेतले तर या कारभाराचा आवाका ध्यानात येईल.

मूलपेशीला दोन गोष्टी साधतात. ती विभागून स्वतःसारखी पेशी तयार करते आणि गरज पडल्यास विशिष्ट कामाची पेशी घडवणाऱ्या वाटेलाही लागते. या दुसऱ्या प्रक्रियेला विभेदन म्हणतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील मूलपेशींपासून शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते. प्रौढ शरीरातील मूलपेशींचा वकूब मर्यादित असतो, म्हणजे अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्ताच्या पेशी घडवते आणि स्नायूतील मूलपेशी स्नायूच्या.

पेच असा, की साऱ्याच मूलपेशी विभेदनाच्या वाटेला लागल्या तर साठा संपतो आणि साऱ्याच नुसत्या स्वतःच्या प्रती काढत राहिल्या तर ऊती झिजत जातात, शिवाय गाठ वाढण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे मूलपेशीला थांबता आले पाहिजे आणि वेळ आली की झटकन निघताही आले पाहिजे.

अभिलेख कक्ष आणि नकला

तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष डोळ्यांसमोर आणा. मूळ दप्तर कक्षाबाहेर जात नाही. ज्या नोंदीची गरज असेल तिची नक्कल काढली जाते, तिच्यावर शिक्का बसतो, ती या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि शेवटी तिच्या आधारे प्रत्यक्ष काम होते. पेशीतही साधारण असेच घडते. डीएनए हे मूळ दप्तर. ते केंद्रक नावाच्या कक्षात राहते. त्यातील एखाद्या जनुकाची जी नक्कल निघते, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते, रायबोसोम नावाची यंत्रणा ती वाचते आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे प्रथिन तयार करते. पेशीतील बहुतेक कामे ही प्रथिनेच पार पाडतात.

नक्कल निघाली म्हणजे काम झाले असे होत नाही, हे कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती एखाद्या टेबलावर पडून राहू शकते, तिच्यावर शेरा पडू शकतो, ती भलत्याच विभागात जाऊ शकते आणि कधी ती सरळ रद्दही होते. पेशीतल्या नकलांच्या वाट्याला हे सगळे येते. ते घडवून आणणाऱ्या प्रथिनांना आरएनए-बंधक प्रथिने म्हणतात. पुढे त्यांना नुसते बंधक प्रथिने म्हणू. माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत आणि त्यांपैकी दीड हजारांहून अधिक जनुके बंधक प्रथिनांसाठीची आहेत. कारभाराचा एवढा मोठा हिस्सा केवळ नकला हाताळण्यासाठी राखून ठेवलेला आहे.

बंधक प्रथिन नेमकी आपलीच नक्कल कशी ओळखते? आरएनए चार अक्षरांत लिहिलेले असते: ए, सी, जी आणि यू. प्रत्येक बंधक प्रथिनाच्या अंगी काही खोबणी असतात आणि त्यांत ठरावीक अक्षरांची छोटी ओळ, किंवा आरएनएच्या धाग्याला पडलेला विशिष्ट आकाराचा वळसा, नीट बसतो. अशा ओळी बहुधा नकलेच्या शेवटी असलेल्या लांब पट्ट्यात आढळतात. या पट्ट्यातून प्रथिन घडत नाही, म्हणून तो एके काळी फारसा महत्त्वाचा मानला जात नसे. प्रत्यक्षात तो शेरे मारण्यासाठी राखलेला समासच आहे. त्याच्याही पुढे ए या अक्षराची एक लांब शेपटी असते. तिला पीएबीपी नावाचे बंधक प्रथिन वेढून बसते, नकलेला अकाली झिजण्यापासून जपते आणि रायबोसोमला कामाला लावण्यास मदत करते. एमआरएनए लसींमधील आरएनएलाही अशी शेपटी जोडलेली असते, ती याच कारणासाठी.

कचेरीची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. कारकुनाला हेतू असतो, प्रथिनाला नसतो. पेशीच्या आत अफाट गर्दी असते. प्रथिने आणि आरएनए एकमेकांवर आदळत, चिकटत आणि सुटत असतात. एखाद्या नकलेचे काय होणार हे त्या क्षणी तिच्याभोवती कोणती प्रथिने किती प्रमाणात आहेत आणि त्यांची पकड किती घट्ट आहे, यावर ठरते. म्हणूनच एखाद्या बंधक प्रथिनाचे प्रमाण थोडे बदलले तरी पेशीचा कल बदलू शकतो.

सिंहगड उतरल्यावर मांडीत काय घडते

रविवारी सिंहगड चढून उतरल्यावर सोमवारी मांड्या धरतात, हा अनेकांचा अनुभव. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. इजा किरकोळ असेल तर तंतू स्वतःच सावरतो. अधिक असेल तर तंतूच्या कडेला बिलगून बसलेल्या मूलपेशी जाग्या होतात. या उपग्रह पेशी १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या. त्या एरवी वर्षानुवर्षे निवांत असतात. इजेची चाहूल लागताच त्यांना विभागून नवे स्नायुतंतू घडवायचे असतात आणि या कामाची सूत्रे मायोडी नावाच्या प्रथिनाकडे असतात.

साधा तर्क असा सांगेल, की निवांत पेशीत मायोडीचे जनुक बंद असेल आणि इजा झाल्यावर ते चालू होत असेल. उंदरांवरील अभ्यासांतून वेगळेच चित्र पुढे आले. निवांत पेशीतही मायोडीच्या नकला निघत असतात, पण दोन बंधक प्रथिने त्यांचा मार्ग अडवतात. टीटीपी नावाचे प्रथिन नकलेच्या समासातील ए आणि यू यांनी भरलेल्या पट्ट्याला पकडते आणि ती नक्कल नष्ट करणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करते. त्यातूनही ज्या नकला उरतात, त्यांना स्टॉफेन-१ नावाचे प्रथिन रायबोसोमकडून वाचू देत नाही. इजा झाली की पेशीच्या आत पी-३८ नावाची संदेशसाखळी जागी होते, ती टीटीपीवर फॉस्फेट चिकटवून त्याला निष्प्रभ करते आणि मायोडीचे प्रथिन भराभर साठू लागते.

ही व्यवस्था वरवर उधळपट्टीची वाटते. नक्कल काढायची आणि ती फाडायची, पुन्हा काढायची आणि पुन्हा फाडायची, यात ऊर्जा खर्च होतेच. पण अडथळा हटवणे हे नव्याने सगळी तयारी करण्यापेक्षा पुष्कळ जलद होते. स्नायू फाटलेला असताना मूलपेशीने जनुक उघडण्यापासून सुरुवात केली असती, तर दुरुस्तीला आणखी उशीर लागला असता.

रक्ताच्या मूलपेशींतही संयमाची अशीच खूण सापडते. अस्थिमज्जेतील मूलपेशी त्यांच्या लगतच्या वंशज पेशींच्या तुलनेत ताशी बरीच कमी प्रथिने बनवतात, असे २०१४ मध्ये उंदरांत मोजून दाखवण्यात आले. हा वेग कृत्रिमरीत्या वाढवला तर या मूलपेशींचे काम बिघडते.

एका मिलिमीटरच्या कृमीने दाखवलेली वाट

मूलपेशी आणि बंधक प्रथिने यांच्या संबंधातील सर्वांत परिचित नाव लिन-२८ हे आहे आणि ते आले मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स नावाच्या कृमीकडून. या कृमीच्या वाढीचे टप्पे इतके नेमके असतात, की कोणती पेशी कोणत्या टप्प्यात किती वेळा विभागेल, हे आधीच सांगता येते. १९८०च्या दशकात व्हिक्टर अँब्रोस आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना असे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, कृमी आढळले, ज्यांच्या वाढीचे वेळापत्रकच विस्कटले होते. लिन-२८ निकामी झालेला कृमी अळीअवस्थेच्या दुसऱ्या टप्प्यातील काम गाळून थेट पुढच्या कामाला लागतो. त्या दुसऱ्या टप्प्यात त्याच्या त्वचेतील मूलपेशींसारख्या पेशींची संख्या वाढायची असते. टप्पाच गाळला गेल्याने ती वाढ होत नाही. म्हणजे लिन-२८ चे काम पेशींना ‘अजून मोठे व्हायची वेळ आलेली नाही’ असे सांगत राहण्याचे होते.

याच कृमीत २००० मध्ये गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ चे स्वरूप उलगडले. हा आरएनएचा अवघ्या बावीस-एक अक्षरांचा तुकडा आहे. अशा तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. त्यांच्यापासून प्रथिन घडत नाही, ते दुसऱ्या नकलांना जाऊन चिकटतात आणि त्यांना गप्प करतात. लेट-७ पेशीला मोठे होण्याकडे ढकलतो आणि तो माशीत, माशात व माणसातही जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी या कृमीचे नाव छापले. लिन-२८ चा उल्लेख मात्र फारसा कोणी केला नाही.

लिन-२८ आणि लेट-७ यांचा सामना फारच रंजक आहे. लेट-७ थेट तयार होत नाही. आधी केसात अडकवायच्या पिनेसारखा दुमडलेला एक लांब धागा बनतो आणि डायसर नावाचे विकर (एन्झाइम) तो कापून त्यातून कामाचा तुकडा मोकळा करते. लिन-२८ या दुमडीच्या टोकाशी असलेली जी-जी-ए-जी ही अक्षरे पकडते. तेवढ्यावर न थांबता ते दुसऱ्या एका विकराला बोलावते आणि ते विकर धाग्याच्या शेवटी यू अक्षरांची छोटी शेपटी जोडते. ए अक्षरांची शेपटी संरक्षण देते, तर ही यूची शेपटी म्हणजे ‘रद्द’ असा शिक्का! डायसर असा धागा कापत नाही आणि डीआयएस-३-एल-२ नावाचे विकर तो टोकापासून कुरतडून संपवते. लिन-२८ भरपूर असेपर्यंत लेट-७ तयार होत नाही आणि पेशी मूलपेशीच राहते.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. लेट-७ एकदा पुरेसा साठला, की तो लिन-२८ च्याच नकलांना चिकटून त्यांना गप्प करतो. दोघे एकमेकांचा काटा काढायला बसलेले असल्यामुळे पेशी मधल्या अवस्थेत फार काळ रेंगाळत नाही. ती एका बाजूला झुकली की झुकतच जाते.

याचा व्यावहारिक पुरावा २००७ मध्ये मिळाला. प्रौढ पेशीला मागे नेऊन तिची पुन्हा मूलपेशी करता येते, हे क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत चार जनुकांच्या साहाय्याने दाखवले होते. ती चारही जनुके केंद्रकात बसून दप्तर उघडणाऱ्या प्रथिनांची होती. पुढच्या वर्षी यामानाकांनी मानवी पेशींतही तेच साधले आणि त्याच सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी पेशींसाठी वेगळी चौकडी वापरली. तिच्यात लिन-२८ होते. पेशीचे वय मागे फिरवण्याच्या प्रयोगात दप्तराशी थेट संबंध नसलेले एक बंधक प्रथिनही उपयोगी पडते, ही बाब माझ्या मते मिळायला हवा होता तेवढा भाव खाऊन गेली नाही.

मुसाशी आणि अडवलेला अडवणारा

फळमाशीच्या अंगावर संवेदनेसाठी बारीक केस असतात. १९९४ मध्ये जपानी संशोधकांना असे उत्परिवर्तन सापडले, ज्यात एका केसाच्या जागी दोन केस उगवत होते. दोन तलवारी घेऊन लढणाऱ्या मियामोतो मुसाशी या सामुराईवरून त्या जनुकाला मुसाशी हे नाव मिळाले. त्याचे प्रथिनही बंधक निघाले आणि सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील मूलपेशींत ते मुबलक आढळते.

तेथे ते नम्ब नावाच्या प्रथिनाची नक्कल पकडते, पीएबीपीला रायबोसोमच्या कामात हातभार लावू देत नाही आणि परिणामी नम्ब घडत नाही. नम्बचे काम नॉच नावाच्या संदेशसाखळीला आवर घालण्याचे. नॉच चालू राहिली तर मेंदूतील मूलपेशी मूलपेशी राहते. थोडक्यात, अडवणाऱ्यालाच अडवून मुसाशी मूलपेशीपण टिकवते. पेशीत अशी दुहेरी नकाराची गुंफण जागोजागी आहे आणि ती वाचताना डोके गरगरते, हे मान्य करायला हवे.

एकाच नोंदीच्या दोन नकला

बंधक प्रथिने नकला अडवतात तशी त्या बदलतातही. केंद्रकातून बाहेर पडण्याआधी आरएनएमधील काही तुकडे काढून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. या क्रियेला स्प्लायसिंग म्हणतात. कोणता तुकडा ठेवायचा, यात बदल झाला की एकाच जनुकापासून दोन वेगळी प्रथिने मिळतात. फॉक्सपी-१ या जनुकाचे एक रूप गर्भमूलपेशींतच दिसते आणि ते मूलपेशीपण टिकवणाऱ्या जनुकांना बळ देते, तर दुसरे रूप विभेदित पेशींत दिसते. पहिले रूप घडू न देण्याचे काम एमबीएनएल या बंधक प्रथिनांचे आहे. गर्भमूलपेशीत ती कमी असतात आणि पेशी विभेदित झाली की वाढतात. प्रयोगशाळेत ती कमी केली तर प्रौढ पेशी मागे नेणे सोपे जाते, असे २०१३ मध्ये दिसून आले.

पण ही प्रथिनेसुद्धा जनुकांपासूनच येतात ना?

येतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. बंधक प्रथिनाचे जनुकही दप्तरातच असते आणि ते उघडल्याखेरीज प्रथिन घडत नाही. तरीही सगळे श्रेय दप्तराला देता येत नाही. दप्तरात बदल करून त्याचा परिणाम दिसायला अनेकदा तास लागतात. टीटीपीवर फॉस्फेट चिकटायला मिनिटे पुरतात. शिवाय एकच बंधक प्रथिन शेकडो, कधी हजारो निरनिराळ्या नकला पकडते, त्यामुळे एका फटक्यात नकलांच्या मोठ्या गटाची वाट बदलू शकते. पेशीत कोणत्या नकला किती आहेत हे मोजणे आता सोपे झाले आहे. पण तेवढ्यावरून कोणती प्रथिने किती बनतील याचा अंदाज अनेकदा चुकतो आणि तो चुकण्यामागे ही मधली मंडळी असतात.

हे कळते कसे, असाही प्रश्न पडेल. प्रथिन आणि आरएनए यांची पकड सैल असते. पेशी फोडली की ती निसटते. म्हणून संशोधक जिवंत पेशींवर अतिनील किरणांचा झोत टाकतात. जिथे प्रथिन आरएनएला अगदी लगटून बसलेले असते तिथे त्या किरणांमुळे कायमचा बंध तयार होतो. मग हवे ते प्रथिन वेगळे काढायचे आणि त्याला चिकटून आलेल्या आरएनएची अक्षरे वाचायची. या पद्धतीला क्लिप म्हणतात आणि ती २००३ पासून वापरात आहे. तिने पुष्कळ माहिती दिली, पण एक घोटाळाही केला. प्रथिन एखाद्या नकलेला चिकटलेले आढळले म्हणजे ते तिथे काही करतेच असे नाही. चिकटण्याच्या लांबलचक याद्या प्रसिद्ध होतात. त्यांतले परिणामकारक किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रयोग करूनच ठरवावे लागते.

लसीतील आरएनएमुळे मूलपेशी बिघडणार नाहीत का?

ही शंका घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असते. ती टिकत नाही. एका पेशीत एरवीही संदेशवाहक आरएनएचे काही लाख रेणू असतात आणि ते सतत तयार होत व नष्ट होत असतात. लसीतील आरएनए मुख्यतः टोचलेल्या स्नायूत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो, तेथे पेशीच्या नेहमीच्या यंत्रणेकडून वाचला जातो आणि त्याच यंत्रणेकडून नष्टही होतो. त्याचे काम केंद्रकाबाहेर चालते आणि दप्तरात तो काही लिहीत नाही.

नाळेतील रक्त आणि संख्येची अडचण

नाळेतील रक्तात रक्ताच्या मूलपेशी असतात, हे खरे आहे आणि त्यांचा उपयोग रक्ताच्या काही आजारांवर सिद्धही झालेला आहे. अडचण अशी, की एका नाळेतून मिळणाऱ्या मूलपेशी प्रौढ रुग्णासाठी अनेकदा पुरत नाहीत. त्या बाहेर वाढवायच्या म्हटल्या तर त्या विभागता विभागता विभेदनाच्या वाटेला लागतात आणि मूलपेशी उरत नाहीत. याच टप्प्यावर मुसाशी पुन्हा पुढे येते. त्याच्या भावंडाचे, मुसाशी-२ चे, प्रमाण वाढवले तर नाळेतील रक्ताच्या मूलपेशी आपले गुण राखून अनेक पटींनी वाढतात, असे कॅनडातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. हे प्रयोगशाळेतले यश आहे, रुग्णालयातले नव्हे.

स्वतःच्या बाळासाठी रक्त साठवावे का, हा वेगळा प्रश्न. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पुढे स्वतःलाच वापरता यावे म्हणून नाळेतील रक्त जपून ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही. कारणही साधे आहे: बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष त्या साठवलेल्या पेशींतही असतो. त्याच तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णांवरील वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर मूलपेशींचा उतारा सांगणाऱ्या जाहिराती शहरात दिसतात. इंजेक्शनमधून दिलेल्या पेशींत कोणत्या नकला अडवलेल्या आहेत आणि त्या शरीरात गेल्यावर मोकळ्या होतील की नाही, हे माहीत नसताना त्या जाहिरातींवर विश्वास ठेवणे धाडसाचे आहे. एखादी चाचणी खरोखर चालू आहे का, हे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

मग औषध का निघत नाही?

पहिले कारण कर्करोग. मूलपेशीपण टिकवणारी बंधक प्रथिने गाठींनाही सोयीची असतात. मानवी गाठींपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये लिन-२८ किंवा त्याचे भावंड लिन-२८-बी अवेळी चालू झालेले आढळले आहे. ज्या मुसाशी-२ मुळे नाळेतील मूलपेशी वाढवता येतात, त्याचेच प्रमाण रक्ताच्या काही कर्करोगांत जास्त असते आणि अशा रुग्णांचा आजार अधिक बळावलेला असतो. दुसरे कारण, हजार नकला पकडणाऱ्या प्रथिनाला थांबवले तर त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव ठिकाणी काय होईल, ही चिंता.

यावर एक शहाणपणाची युक्ती निघाली आहे. प्रथिनाला हात न लावता त्याची एका नकलेवरची बसायची जागा तेवढी झाकायची. स्नायू दुबळे करणारी स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे ज्या आजारासाठी लहान बाळांना १६ कोटी रुपयांचे इंजेक्शन मिळावे म्हणून झालेल्या लोकवर्गणीच्या बातम्या पिंपरी-चिंचवडकरांनीही वाचल्या, त्याच आजारावर नुसिनर्सेन नावाचे दुसरे औषध आहे. ते १६ कोटींच्या औषधाप्रमाणे नवे जनुक देत नाही. एसएमएन-२ या जनुकाच्या कच्च्या आरएनएवर काही बंधक प्रथिने अशा जागी बसतात, की एक आवश्यक तुकडा गाळला जातो. नुसिनर्सेन हा कृत्रिम धागा ती जागा अडवतो आणि तुकडा जोडला जातो. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध चेतापेशींसाठी आहे, मूलपेशींसाठी नव्हे. पण मार्ग शक्य आहे, हे त्याने दाखवले.

सिकलसेलशी असलेला धागा

नंदुरबारमध्ये, तसेच गडचिरोली आणि विदर्भातील इतर आदिवासी भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. या आजारात प्रौढ हिमोग्लोबिन सदोष असते; गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मात्र ठीक असते, म्हणूनच बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करण्यामागे बीसीएल-११-ए या प्रथिनाचा हात असतो.

नवजात बाळाच्या रक्त घडवणाऱ्या पेशींत बीसीएल-११-ए च्या नकला असतात, पण प्रथिन फार कमी असते. नक्कल आहे आणि बजावणी नाही, ही विसंगती २०२० मध्ये उलगडली: लिन-२८-बी त्या नकलांना धरून बसते आणि त्यांचे वाचन रोखते. वयानुसार लिन-२८-बी ओसरते, नकला मोकळ्या होतात आणि हिमोग्लोबिनची अदलाबदल होते. प्रौढ उंदराच्या रक्तमूलपेशींत हे प्रथिन पुन्हा आणले तर त्या गर्भावस्थेतल्यासारख्या वागू लागतात, हे त्याआधीच, २०१२ मध्ये, दिसले होते.

आज मान्य असलेली कॅसजेव्ही ही जनुकसंपादनाची उपचारपद्धती, जिला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये परवानगी दिली, दप्तराच्या पातळीवर काम करते: रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांतील बीसीएल-११-ए चालू करणारा डीएनएचा भाग कापला जातो. त्या परत देण्याआधी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्यासाठी अनेक आठवडे सुसज्ज रुग्णालयात राहावे लागते आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत २० लाख डॉलरच्या वर आहे. धडगाव किंवा एटापल्लीच्या रुग्णाला हे परवडणारे नाही. म्हणून बीसीएल-११-ए ला साध्या गोळीने आवरता येईल का, याचा शोध चालू आहे. आणि त्या शोधात, निसर्ग प्रत्येक नवजात बाळात हेच काम डीएनएला धक्का न लावता, केवळ नक्कल अडवून करतो, ही माहिती संशोधकांच्या हाती आहे.